सहरीचे गरम पाणी

पहाटेचे साडेचार वाजले आहेत. मोहल्ल्यातल्या खिडक्या एकामागून एक उजळू लागल्या आहेत. स्वयंपाकघरात तवा तापतो आहे, रात्रीचे सालन पुन्हा चुलीवर चढले आहे. न्हाणीघराच्या भिंतीवर गीझरचा तांबडा दिवा पाऊण तासापासून लागलेला आहे आणि दाराबाहेर स्टुलावर शाल लपेटून दादी बसली आहे. सत्तरी ओलांडलेली. गुडघे धरलेले. सून नळाखाली हात धरून पाहते आणि ओशाळून म्हणते, "पानी अभी कुनकुनाच है, अम्मी."

दादी काही बोलत नाही. त्या कोमट पाण्याने ती वजू करते, म्हणजे नमाजपूर्वी हात, तोंड, चेहरा, कोपरापर्यंतचे बाहू आणि पाय धुते, ओला हात डोक्यावरून फिरवते आणि जानमाजवर खुर्ची ओढून बसते. दुपारी मिस्त्री येतो. गीझर उघडतो, खाली परात धरतो. परात पांढऱ्या खड्यांनी भरते. चुनखडीचे पापुद्रे, तुकडे, भुकटी. घरातले सगळे त्या परातीकडे पाहत राहतात. सहा वर्षे हा गीझर भिंतीवर होता आणि त्याच्या पोटात काय चालले आहे, हे कुणी एकदाही विचारले नव्हते.

चंद्राचे वर्ष आणि थंडीचे दिवस

हिजरी वर्ष चंद्राच्या गतीने चालते. ते ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असते. म्हणून रमजानचा महिना इंग्रजी कॅलेंडरवर दरवर्षी १०-११ दिवस आधी येतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून एक फेरी पुरी करतो. माणसाच्या एका आयुष्यात थंडीचा रमजान फार तर दोन किंवा तीन वेळा फिरून येतो.

मागचा थंडीचा फेरा २००० सालाच्या आसपासचा. १९९७ च्या जानेवारीत एक रमजान सुरू झाला आणि त्या वर्षाचे शेवटचे पान उलटते न उलटते तोच पुढचाही आला. त्यानंतर हा महिना पावसाळ्यातून उन्हाळ्यात सरकला. २०१८ सालचा रमजान मे-जूनमधला. तेव्हा गच्चीवरच्या टाकीतले पाणी दिवसभर इतके तापलेले असे, की वजूसाठी गार पाणी माठातून काढून ठेवावे लागे. २०२६ चा रमजान फेब्रुवारीत आला. २०२८ चा जानेवारीच्या अखेरीस येईल आणि २०३० साली तर जानेवारीत एक व डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दुसरा, असे दोन रमजान एकाच वर्षात सुरू होतील.

याचा अर्थ असा, की आज पंचविशीत असलेल्या मुलामुलींना कडाक्याच्या थंडीतली सहरी ठाऊकच नाही. त्यांच्या आईवडिलांना ती ठाऊक आहे, पण त्यांच्या आठवणीतले गरम पाणी वेगळ्याच भांड्यातले आहे. ते बंबातले आहे.

आधी पाणी, मग विस्तव

तांबट आळीतल्या एका म्हाताऱ्या कारागिराला तो काळ चांगला आठवतो. तेव्हा त्याच्या दुकानापुढे वर्षातून दोनदा बंबांची रांग लागे. पहिली दिवाळीआधी, कारण नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानाला कढत पाणी हवे. दुसरी रमजानआधी, कारण सहरीला उठणाऱ्या घरात आठ-दहा माणसांच्या वजूला पाणी हवे. "बंब तोच, गळतीही तीच," तो हसून सांगतो. "फक्त नेणारा बदलायचा. एक म्हणायचा लक्ष्मीपूजनाच्या आत द्या, दुसरा म्हणायचा चाँद दिसायच्या आत द्या."

बंबाची रचना साधी. मधे उभी नळी, तिच्यात कोळसे, करवंट्या, मक्याची बुरकुंडे किंवा लाकडाच्या ढलप्या. नळीभोवती पाणी. वरच्या तोंडातून गार पाण्याचा तांब्या ओतला, की तोटीतून तेवढेच गरम पाणी बाहेर येई. त्या घरांत एक नियम लहान पोरालाही पाठ असे : आधी पाणी, मग विस्तव. कोरडा बंब पेटवला तर सांध्यांची झाळ वितळते आणि बंब गळू लागतो. दुसरा नियम, बंब अंगणात किंवा पडवीत पेटवायचा, बंद खोलीत नाही. तिसरा, आठ-पंधरा दिवसांनी राख काढायची आणि चिंच लावून तांबे घासायचे.

गीझर हाही बंबच आहे, फक्त तो वीज खातो. टाकीच्या तळाशी गार पाणी येते, वरच्या तोंडाशी गरम पाणी साठते आणि जेवढे गार आत शिरते तेवढेच गरम बाहेर पडते. पण बंब रोज डोळ्यांसमोर असायचा, रोज हात लागायचा. गीझर छताजवळ टांगलेला असतो. त्याच्याकडे पाहिले जाते ते दिवा लागला आहे की नाही एवढ्यापुरते. बंबाचे तिन्ही नियम गीझरलाही लागू आहेत आणि तिन्ही विसरले गेले आहेत.

परातीतले पांढरे खडे

दख्खनच्या काळ्या खडकातून वर येणारे बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, पण हे क्षार उलट वागतात. पाणी तापले की ते बाहेर पडतात आणि सगळ्यात तापलेल्या जागी, म्हणजे गीझरच्या एलिमेंटवर, थर धरतात. चहाच्या पातेल्याच्या कडेला जो पांढरा वलय दिसतो तोच हा. पाणी ६० अंशांच्या पुढे जितके तापवावे तितका हा थर वेगाने वाढतो.

थर साचला की तीन गोष्टी होतात. एलिमेंटची उष्णता पाण्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, एलिमेंट स्वतः मात्र जास्त तापते आणि एक दिवस जळते. पडलेले खडे टाकीच्या तळाशी साठतात आणि पाण्याची जागा खातात. आणि पाण्याचे तापमान ओळखणारा थर्मोस्टॅट चुकीचे सांगू लागतो, म्हणून दिवा कधी लवकर जातो, कधी जातच नाही. पाणी तापताना टाकीतून टकटक किंवा कडकड असा आवाज येऊ लागला, की खड्यांचा थर झाला असे समजावे.

वर्षातून एकदा, थंडी सुरू होण्याआधी, गीझर उघडून साफ करणे हा यावरचा उपाय. पाणी फारच जड असेल तर सहा महिन्यांनी. हे काम मिस्त्रीकडूनच करून घ्यावे, पण तो काय करतो ते घरच्या एका माणसाने उभे राहून पाहावे. तो आधी मेन स्विच बंद करतो आणि पाणी थंड होऊ देतो. मग आत येणारा नळ बंद करून टाकी रिकामी करतो, खालची झाकणी उघडून एलिमेंट बाहेर काढतो, ते लिंबूसत्वाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजत ठेवतो आणि थर सुटल्यावर हलक्या हाताने पुसतो. संडास धुण्याचे ॲसिड यासाठी कधीही वापरू नये. ते थराबरोबर धातूही खाते.

एलिमेंटच्या शेजारी आणखी एक कांडी असते, तिच्याकडे बहुतेक घरांत कुणाचे लक्ष जात नाही. ती मॅग्नेशियमची असते. पाण्यातला गंज टाकीच्या पोलादावर तुटून पडण्याऐवजी या कांडीवर तुटून पडतो. कांडी झिजते आणि टाकी वाचते. जड पाण्यात ती वर्ष-दोन वर्षांत बोटाएवढीची काडीएवढी होते. तेव्हाच बदलली तर खर्च थोडा. नाही बदलली तर गंज टाकीला लागतो, आणि गळणारी टाकी दुरुस्त होत नाही, नवा गीझरच घ्यावा लागतो. परातीतले खडे दाखवून झाल्यावर मिस्त्रीने दादीच्या मुलाला ही कांडी दाखवली. शिल्लक होती फक्त मधली तार.

सगळे बसवल्यावर मिस्त्री सांगतो तो नियम बंबाचाच : आधी पाणी. आत येणारा नळ सुरू करायचा, गरम पाण्याची तोटी उघडी ठेवायची आणि तिच्यातून सलग धार येईपर्यंत स्विचला हात लावायचा नाही. रिकाम्या टाकीत एलिमेंट काही क्षणांत जळून जाऊ शकते.

टपकणारा व्हॉल्व्ह

गीझरमधून थेंब थेंब पाणी गळते म्हणून पुष्कळ लोक मिस्त्रीला बोलावतात. त्यातले काही त्याच्याआधी स्वतःच त्या तोंडाला दोरा गुंडाळतात किंवा बूच ठोकतात. हे धोक्याचे आहे. पाणी तापले की फुगते. १५ लिटर पाणी १५ अंशांवरून ५५ अंशांवर गेले की सुमारे २०० मिलिलिटर जागा जास्त मागते. एवढे पाणी सेफ्टी व्हॉल्व्हमधून हळूहळू बाहेर पडते. तापताना चार थेंब पडणे हे व्हॉल्व्ह काम करत असल्याचे लक्षण आहे. वाट बुजवली आणि त्यात थर्मोस्टॅटही बिघडला, तर दाब वाढत जातो आणि टाकी फुटू शकते. पाणी तापत नसतानाही धार सतत लागली असेल, तर मात्र व्हॉल्व्ह बदलून घ्यावा.

थर्मोस्टॅट कितीवर ठेवावा, हाही घरोघरचा वाद. पार शेवटच्या टोकाला फिरवून ठेवण्यात फायदा नाही. थर वाढतो, वीज जाते आणि भाजण्याची भीती. ६० अंशांचे पाणी मोठ्या माणसाच्या कातडीलाही काही सेकंदांत भाजते, लहान मुलांच्या आणि म्हाताऱ्यांच्या नाजूक कातडीला त्याहून लवकर. अर्धवट झोपेत नळाखाली थेट हात धरणाऱ्यांनी हे विसरू नये. ५५ अंशांच्या आसपास ठेवावे, आधी बादलीत गार पाणी घ्यावे, मग त्यात गरम मिसळावे.

पाणी तापायला किती वेळ?

थोडा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. नळाला १५ अंशांचे पाणी येत असेल आणि १५ लिटरच्या टाकीत ते ५५ अंशांपर्यंत तापवायचे असेल, तर सुमारे ०.७ युनिट वीज लागते. २,००० वॉटचा गीझर हे काम २१ मिनिटांत करतो.

पण हे झाले २३० व्होल्ट मिळाले तर. सहरीच्या वेळी अख्ख्या मोहल्ल्यातले गीझर एकदमच सुरू होतात आणि व्होल्टेज उतरते. ते १८४ व्होल्टवर आले, तर गीझरची ताकद पाचव्या हिश्शाने नव्हे, तिसऱ्या हिश्शाहूनही जास्त घटते आणि २१ मिनिटांची ३३ मिनिटे होतात. म्हणजे पाणी तापत नाही याला दर वेळी गीझरच जबाबदार असतो असे नाही. ज्यांच्या गीझरची टाकी आणि तिचे आतले आच्छादन चांगले आहे, त्यांनी सगळ्यांच्या आधी अर्धा तास बटण दाबावे, दिवा गेला की बंद करावे. चांगल्या टाकीत पाणी काही तास गरम राहते. रात्रभर गीझर सुरू ठेवण्याची गरज नाही.

दुसरा हिशेब पाण्याचा. ५५ अंशांच्या १५ लिटरमध्ये १५ अंशांचे गार पाणी मिसळले, तर अंगाला सोसेल असे ३८ अंशांचे पाणी जवळजवळ २६ लिटर तयार होते. एक मोठा लोटा म्हणजे दोन लिटर धरले तर त्यात १३ माणसांचे वजू होते. तेच वजू नळ सोडून केले आणि नळाला मिनिटाला ६ लिटरची धार असेल, तर दोन मिनिटांत १२ लिटर गेले. तिसऱ्या माणसाला गार पाणीच मिळणार.

लोट्याची ही पद्धत नवी नाही. पैगंबरसाहेब एका मापट्याभर, म्हणजे लिटरभरापेक्षाही कमी पाण्यात वजू करीत, असे हदीसमध्ये नमूद आहे, आणि वाहत्या नदीकाठी बसूनही पाणी उधळू नये अशी शिकवण आहे. थंडीत अंगावर काटा येत असताना नीट वजू करण्याला मोठे पुण्य सांगितले आहे, पण शरीराला अपाय करून घेण्याला नाही. थंड पाण्याने खरोखरच इजा होण्याची भीती असेल आणि पाणी तापवण्याची सोय नसेल, तर मातीवर हात फिरवून तयम्मुम करण्याची सवलत धर्मशास्त्र देते. दख्खनमध्ये ती वेळ सहसा येत नाही. बर्फाच्या काश्मीरमध्ये तर पुष्कळ मशिदींना जोडून हमाम असतात. दगडी फरशीखाली लाकडे पेटतात, फरशी उबदार होते आणि तांब्याच्या मोठ्या भांड्यातले पाणी वजूसाठी गरम राहते. खानदेशाच्या शेजारी बऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यात मोगल काळातला हमाम आजही पाहायला मिळतो. पाणी गरम ठेवण्याचा खटाटोप राजापासून रयतेपर्यंत सगळ्यांनीच केला आहे.

ओले हात आणि वीज

२,००० वॉटचा गीझर जवळजवळ ९ अँपिअर वीज ओढतो. लगेच पाणी तापवणारा ३,००० वॉटचा छोटा गीझर १३ अँपिअर. दोन्हींना १६ अँपिअरचे मोठे सॉकेट, स्वतंत्र जाड तांब्याची वायर आणि एमसीबी हवा. पंख्या-दिव्याच्या छोट्या सॉकेटवर किंवा एक्स्टेंशन बोर्डवर गीझर चालवला, तर आधी प्लग कोमट लागतो, मग पिवळा पडतो, मग जळका वास येतो. या तिन्ही पायऱ्यांपैकी पहिलीवरच थांबावे.

सगळ्यात महत्त्वाचे अर्थिंग. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तीन पिनांचे सॉकेट असते, पण तिसऱ्या भोकाच्या मागे वायरच नसते. एलिमेंटला चीर पडली तर करंट पाण्यात उतरतो आणि त्याला जमिनीत जायला तीच एक वायर असते. ती नसेल तर तो माणसाच्या अंगातून जातो. वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. करंट गळू लागला की तो क्षणात वीज तोडतो. तरीही अंघोळीला बसण्याआधी गीझर बंद करण्याची सवय सोडू नये.

ज्यांच्याकडे गीझर नाही, त्यांच्याकडे बादलीत सोडायची कॉइल असते. स्वस्त आहे, म्हणून गरिबाच्या घरी तीच. कॉइल पाण्यात खुणेपर्यंत बुडवल्यावरच बटण दाबावे, आणि बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नये, अगदी "तापलंय का" एवढे पाहण्यासाठीही. लोखंडी बादली नको. पहाटेच्या घाईत पोरे खेळत त्या बादलीपाशी जातात. कॉइल लावली की एक मोठे माणूस तिथेच थांबले पाहिजे.

खिडकीवरचे प्लास्टिक

या सगळ्यात खरा जीवघेणा धोका गॅस गीझरचा आहे. वीज वाचते, पाणी लगेच मिळते, म्हणून तो घरोघर आला. पण तो जळतो, आणि जळणाऱ्या प्रत्येक गोष्टीला हवा लागते.

गेल्या हिवाळ्यात याच मोहल्ल्यातल्या एका घरात कॉलेजात जाणारी मुलगी पहाटे अंघोळीला गेली. चार बाय पाचचे न्हाणीघर, गॅस गीझर आतच, डोक्याशी. थंड वारा येतो म्हणून वडिलांनी आठवड्यापूर्वीच वरच्या झरोक्यावर प्लास्टिकचा कागद खिळ्यांनी ठोकला होता. स्वयंपाकघरात काम करणाऱ्या आईच्या लक्षात आले, की पाण्याचा आवाज फार वेळ सारखाच येतो आहे. तांब्या आपटत नाही, बादली सरकत नाही. तिने हाक मारली. उत्तर नाही. भावाने लाथ मारून कडी तोडली. मुलगी फरशीवर पडली होती, तोटी उघडी होती. तिला उचलून अंगणात आणले, १०८ ला फोन केला. दवाखान्यात प्राणवायू लावल्यावर दोन तासांनी तिने डोळे उघडले. झरोक्यावरचा कागद वडिलांनी त्याच दुपारी हाताने फाडून काढला. खिळे अजून भिंतीत आहेत.

बंद जागेत गॅस जळू लागला की हवेतला प्राणवायू कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. माणूस गुदमरत नाही, ओरडत नाही. आधी डोके दुखते, गरगरते, मळमळते, पाय लटपटतात, आणि दाराची कडी काढण्याआधीच शुद्ध जाते. रमजानमध्ये धोका आणखी एका कारणाने वाढतो. डोके दुखणे, चक्कर येणे हे सगळे रोजाच्या किंवा अपुऱ्या झोपेच्या माथी मारले जाते. न्हाणीघरातून बाहेर आल्यावर जर रोजच डोके जड होत असेल आणि मोकळ्या हवेत बरे वाटत असेल, तर तो रोजा नव्हे, गीझर आहे.

उपाय साधे आहेत. गॅस गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि आत फक्त पाण्याचा पाइप आणावा. झरोका कधीही बुजवू नये. ज्योत निळी असावी. पिवळी, काजळी धरणारी ज्योत म्हणजे बर्नर साफ करायला झाला. कुणी आत बेशुद्ध सापडले, तर दारे-खिडक्या उघडाव्यात, गॅस बंद करावा, माणसाला आधी मोकळ्या हवेत आणावे, मग १०८ ला फोन. आणि म्हाताऱ्यांनी, मुलांनी आतून कडी न लावण्याची सवय करावी. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपणाऱ्यांनाही हेच लागू आहे. बंब पडवीत का पेटवत, याचे उत्तर इथे मिळते.

गच्चीवरचे ऊन

आपल्याकडे थंडीत आकाश निरभ्र असते, म्हणून सौर बंब हा चांगला सोबती. त्याचा बिघाड बहुधा धुळीचा किंवा वापराचा असतो. काचेच्या नळ्यांवर धूळ बसली की ऊन आत जात नाही. त्या आठ-पंधरा दिवसांनी पुसाव्यात, पण सकाळी लवकर, नळ्या थंड असताना. उन्हात तापलेल्या रिकाम्या नळीत गार पाणी सोडले तर काच तडकते. टाकी ते न्हाणीघर या पाइपावर आच्छादन नसेल, तर तापलेले पाणी वाटेतच निवते.

वापराची गोष्ट अशी. संध्याकाळी इफ्तारनंतर घरातल्या सगळ्यांनी सौर टाकीचे पाणी वापरले, की तेवढेच गार पाणी टाकीत शिरते आणि रात्री सूर्य नसतो. पहाटे कोमट पाणी येणारच. ज्या घरात सहरीला उठायचे आहे, त्यांनी संध्याकाळी हात राखावा. आणि नळ उघडल्यावर पहिली जी गार धार येते, ती मोरीत न सोडता बादलीत धरावी. भांड्यांना, झाडांना उपयोगी पडते. ज्या शहरात नळाला आठवड्याने पाणी येते, तिथे ती बादलीही मोलाची आहे.

मिस्त्रीचा सल्ला

दादीच्या घरचे काम संपायला दोन तास लागले. मिस्त्री रोजेदार होता, म्हणून चहाचा प्रश्न नव्हता. दुसरे घर त्याची वाट पाहत होते, शेजारच्या गल्लीतल्या एका काकूंचे. त्यांच्या नातवाच्या बारशाला पाहुणे यायचे होते आणि गीझर टकटक करीत होता. निघताना त्याने दादीच्या मुलाला सांगितले, "भाईजान, गीझरच्या अंगावर खडूनं आजची तारीख लिहून ठेवा. पुढच्या दिवाळीआधी मला बोलवा. रमजानपर्यंत थांबू नका. तेव्हा मी कुणाकुणाच्या घरी जाऊ?"

मुलाने खडू आणला आणि तारीख लिहिली. त्याखाली, मिस्त्री गेल्यावर, त्याच्या शाळकरी मुलीने आणखी एक ओळ लिहिली : आधी पाणी, मग बटण.

दुसऱ्या दिवशी पहाटे चार वाजता सुनेने बटण दाबले. सव्वाचारला ती पराठ्याचे पीठ मळत होती. साडेचारला तांबडा दिवा आपोआप गेला. दादी स्टुलावर बसली, सुनेने लोटा पुढे केला. दादीने पाण्यात बोटे बुडवली, थोडा वेळ तशीच ठेवली आणि मग म्हणाली, "बस, इतनाच होना." म्हणजे एवढेच हवे होते.